जन्माच्या वेळचे राष्ट्रीयत्व

शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसाच्या, अर्जात सध्याच्या राष्ट्रीयत्वाच्या रकान्यालगत आणखी एक ओळ असते: जन्माच्या वेळचे राष्ट्रीयत्व, वेगळे असल्यास. बहुतेक भारतीय अर्जदारांना ही ओळ वाचण्याचेही कारण पडत नाही. माझ्या आईचा जन्म १९५३ साली फोंडा तालुक्यातल्या प्रियोळ गावी झाला, आणि गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी. त्यामुळे फोंड्यातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर तो अर्ज पसरून बसलो असता या एका ओळीपाशी आम्ही दोन संध्याकाळी अडलो. आईच्या या अर्जाच्या निमित्ताने तीन महिने मी कागदांच्या मागे होतो. गोव्यातल्या पुष्कळ घरांत हीच वेळ येते, म्हणून झाले ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

माझी धाकटी बहीण युरोपातल्या एका शहरात भारतीय पासपोर्टवर, तिथल्या निवासी परवान्याने नोकरी करते. गेल्या वर्षी तिचे बाळंतपण जवळ आले आणि आईला तिकडे न्यायचे ठरले. देशाचे नाव मी लिहीत नाही, कारण अल्प मुदतीच्या व्हिसाचे नियम शेंगेन गटातल्या सर्व २९ देशांना सारखेच लागू आहेत. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी तो पोहोचावा लागतो. शुल्क प्रौढांना ९० युरो आहे, जून २०२४ पूर्वी ते ८० होते. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. एवढे कुठल्याही माहितीपत्रकात सापडते. आमची अडचण त्यापुढची होती.

पहिला अर्ज आम्ही एका एजंटामार्फत केला आणि तो नामंजूर झाला. त्यात चूक आमचीच होती. आईच्या खात्यात शिल्लक भरभक्कम दिसली पाहिजे असे एजंटाने सांगितले, म्हणून मी अर्जाच्या तीन आठवडे आधी माझ्या बचतीतले चार लाख रुपये तिच्या खात्यात भरले. सोबतचे पत्र त्यानेच तयार ठेवलेल्या मजकुरातून काढून दिले. युरोपची समृद्ध संस्कृती आणि ऐतिहासिक वास्तू पाहण्याची आपली फार दिवसांची इच्छा आहे, असे त्यात आईच्या तोंडी घातले होते. मुलीचा उल्लेख राहण्याच्या पत्त्यापुरता होता आणि बाळाचा नव्हताच. बाळंतपण म्हटले की म्हातारी माणसे तिथेच राहतात असा संशय येतो, म्हणून ते लिहू नये, असा त्याचा सल्ला होता. मी पंचवीस वर्षे शाळेत मुलांना निबंध शिकवतो. ते पत्र खोटे आहे हे वाचताक्षणी माझ्या लक्षात आले होते, तरीही मी आईला सही करायला सांगितली. याची खंत मला आजही आहे.

नकाराचे पत्र ठरावीक छापील नमुन्याचे असते आणि त्यातल्या लागू कारणांसमोर खूण केलेली असते. आमच्या पत्रात दोन खुणा होत्या. प्रवासाच्या हेतूबद्दल आणि मुक्कामाबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह वाटत नाही, ही पहिली. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी अर्जदार परत जाईल याबद्दल वाजवी शंका आहे, ही दुसरी. आईने ते पत्र माझ्याकडून दोनदा समजून घेतले आणि कोकणीत एवढेच म्हणाली, ‘‘हांव थंय रावपाक वचना, बाळाक पळोवपाक वतां.’’ मी तिथे राहायला जात नाही, बाळाला पाहायला जाते. आमच्या सगळ्या कागदांत नेमके हेच वाक्य कुठे नव्हते.

नकाराविरुद्ध अपील करण्याचा हक्क नियमांतच दिलेला आहे, आणि अपील कुठे व किती दिवसांत करायचे ते त्याच पत्रात लिहिलेले असते. अधिकाऱ्याने कागद चुकीचा वाचला असेल तर अपील जरूर करावे. आमचा कागदच कच्चा असल्यामुळे नवा अर्ज करणे हाच सरळ मार्ग होता. नव्या अर्जासाठी ठरावीक काळ थांबावे लागत नाही, मात्र पहिल्या अर्जाचे शुल्क परत मिळत नाही. या गडबडीत बहिणीला मुलगी झाली, आणि आईने नातीचे पहिले दर्शन मोबाइलवर घेतले.

दुसऱ्या वेळी एजंट नको असे ठरवले आणि पैशांपासून सुरुवात केली. आईचे उत्पन्न दोन वाटांनी येते. माझे वडील सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक होते, त्यांच्या मागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. शिवाय कुळागर आहे: पोफळी, थोडे माड, केळी, आणि पोफळींवर चढवलेली मिरी. सुपारी ती बागायतदार संस्थेत घालते आणि रक्कम खात्यावर जमा होते. पहिल्या अर्जात यातले काहीच सांगितले नव्हते. स्टेटमेंट वाचणाऱ्याला काय दिसले असेल याचा मी नंतर विचार केला: एक वृद्ध विधवा, महिन्याकाठी थोडी ठरलेली रक्कम, वर्षातून तीन-चार वेळा कुठूनतरी मोठी जमा, आणि शेवटी एकदम चार लाख. शंका येणे स्वाभाविक होते. या वेळी ते चार लाख मी परत काढून घेतले आणि त्याचा खुलासा पत्रात एका वाक्यात केला. तीन वर्षांच्या सुपारीविक्रीच्या पावत्या तारखेप्रमाणे लावल्या, प्रत्येक पावतीसमोर स्टेटमेंटमधली तीच रक्कम पेन्सिलीने खूण करून दाखवली, आणि प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च मी व बहीण करणार असल्याचे हमीपत्र आमच्या पगाराच्या कागदांसह जोडले. शिल्लक पहिल्यापेक्षा कमी दिसत होती. पण आलेला प्रत्येक रुपया कुठून आला हे आता कळत होते, आणि माझ्या मते तपासणाऱ्याला तेच हवे असते.

नावांचा प्रश्न याहून किचकट होता. बहीण ही आईची मुलगी आहे हे सिद्ध करायचे तर बहिणीच्या जन्मदाखल्यावरचे आईचे नाव आणि आईच्या पासपोर्टवरचे नाव जुळले पाहिजे. शिवाय अर्जात जन्माच्या वेळचे आडनावही विचारतात. आईचे माहेर प्रभूंचे. तिच्या जन्माची नोंद पोर्तुगीज अमदानीतल्या नोंदवहीत त्या भाषेत हाताने केलेली आहे, आणि त्या काळच्या लेखनपद्धतीप्रमाणे प्रभूचे तिथे ‘पोरोबो’ झाले आहे. जुन्या दस्तऐवजांत ही रूपे सर्रास सापडतात. शेणव्यांचे सिनाय होते, कामतांचे कामोतीं होते, आणि नाईक या आडनावाच्या शेवटी क्यू, यू आणि ई अशी तीन अक्षरे येतात. गोव्याबाहेर हा कागद पाहणाऱ्याला प्रभू आणि पोरोबो ही एकाच घराण्याची नावे आहेत हे कळण्याचा काहीच मार्ग नसतो.

यातून आम्हाला सोडवले ते लग्नाच्या नोंदीने. गोव्यात लग्न आधी नागरी निबंधकाकडे नोंदवायचे, ‘सह्या’ करायच्या आणि मग मंडपात उभे राहायचे, ही पद्धत पोर्तुगीज नागरी कायद्यापासून चालत आलेली आहे. त्यामुळे १९७० च्या दशकातल्या लग्नाचाही पक्का सरकारी दाखला आमच्याकडे मिळतो, आणि तो मिळवण्यासाठी इतर राज्यांतल्या लोकांसारखी जुनी पत्रिका किंवा फोटो शोधत बसावे लागत नाही. आईच्या लग्नाच्या नोंदीत तिच्या आईवडिलांची नावे होती, माहेरचे नाव होते आणि माझ्या वडिलांचे पूर्ण नावही होते. जन्माच्या नोंदीतले पोरोबो आणि पासपोर्टवरचे सासरचे आडनाव यांना जोडणारा दुवा त्या एका कागदात मिळाला. जन्माच्या उताऱ्याचे इंग्रजी भाषांतर करून घेतले आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर केले. जुन्या काळातली पोर्तुगीज वाचणारी माणसे गोव्यात झपाट्याने कमी होत आहेत. ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांनी गरज पडण्याची वाट न पाहता त्यांचे उतारे आणि भाषांतरे आताच करून ठेवावीत, असे मी मनापासून सांगेन.

आता त्या ओळीकडे येतो. पहिल्या अर्जात एजंटाने ती कोरी सोडली होती. काही परिचितांनीही तसेच सुचवले, कारण पोर्तुगीज हा शब्द लिहिला की नसते प्रश्न उठतात अशी भीती गोव्यात सर्वांनाच आहे. ही भीती निराधार नाही. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेली माणसे, तसेच त्यांची मुले आणि नातवंडे, आपल्या जन्माची नोंद लिस्बनला करून पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवू शकतात आणि हजारो गोवेकरांनी ते मिळवले आहे. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते. म्हणून या विषयाची चर्चा आमच्याकडे दबक्या आवाजातच चालते.

आईने अशी नोंद कधीच केलेली नाही. तेव्हा खरी स्थिती काय, हे मी नीट वाचून काढले. १९५३ मध्ये प्रियोळ पोर्तुगालच्या ताब्यातल्या प्रदेशात होते आणि तिथल्या कायद्याने तिथे जन्मलेले मूल पोर्तुगीज प्रजाजन होते. गोवा, दमण आणि दीव यांच्यासाठी काढलेल्या १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मलेली माणसे त्या तारखेपासून भारताची नागरिक झाल्याचे मानले गेले. दुसरे नागरिकत्व राखायचे असेल त्यांना मुदतीत लेखी कळवण्याची मुभा होती. आई तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिच्या घरातल्या कोणीही तसे कळवलेले नव्हते. म्हणजे जन्माच्या वेळचे तिचे राष्ट्रीयत्व आजच्याहून वेगळे होते, आणि अर्ज तेवढेच विचारत होता. आम्ही त्या ओळीवर पोर्तुगीज असे लिहिले आणि सोबतच्या पत्रात वरची हकीगत चार वाक्यांत, आदेशाच्या उल्लेखासह मांडली. जन्मदेशाच्या रकान्यात मात्र पासपोर्टवर आहे तसेच भारत लिहिले. हा निर्णय आईचा होता. माझ्या जन्माच्या वहीत जे आहे ते लपवायचे कशाला, असे ती म्हणाली, आणि पहिल्या पत्राचा अनुभव ताजा असल्यामुळे मला तिचे म्हणणे पूर्णपणे पटले.

बाहेर पुष्कळांना ठाऊक नसलेली एक गोष्ट इथेच सांगतो. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी पोर्तुगालचे नागरिकत्व घेऊन युरोपीय संघातल्या दुसऱ्या एखाद्या देशात राहते, त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना युरोपीय संघाच्या मुक्त संचाराच्या नियमाखाली व्हिसा विनाशुल्क आणि लवकर मिळण्याचा हक्क आहे. अवलंबून असल्याचा पुरावा अर्थातच द्यावा लागतो. पोर्तुगीज नागरिक पोर्तुगालमध्येच राहत असेल तर हा नियम लागू होत नाही, आणि ब्रिटन संघातून बाहेर पडल्यामुळे तिकडे जाणाऱ्यांनाही तो लागू नाही. आम्हाला त्याचा उपयोग नव्हता, पण आमच्या वाड्यावरच दोन घरांना होण्यासारखा आहे.

दुसऱ्या खुणेचे उत्तर देणे, म्हणजे आई परत येईल हे कागदावर दाखवणे, हा भाग सर्वांत महत्त्वाचा. नोकरदार माणूस रजेचे पत्र जोडतो, विद्यार्थी कॉलेजचे जोडतो. एकाहत्तर वर्षांच्या बाईने काय जोडायचे? मी फॉर्म एक-चौदाचा, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या सरकारी नोंदीचा, उतारा काढला. त्यात बागायतीखालचे क्षेत्र वेगळ्या रकान्यात असते आणि कब्जेदार म्हणून आईचे नाव लागलेले आहे. गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नवराबायको मालमत्तेचे समाईक धनी असतात, त्यामुळे वडिलांच्या मागे निम्मा वाटा तिचा स्वतःचा आहे आणि आम्हा दोघा मुलांचा हक्क उरलेल्या निम्म्यावर आहे. तिच्या वयाच्या कितीतरी बायका दुसरीकडे मुलांच्या नावावरच्या घरात राहतात. माझी आई जमिनीची मालकीण आहे आणि ती जमीन स्वतः पाहते, हे परदेशातल्या अधिकाऱ्याला आपण सांगितल्याशिवाय कळणार कसे?

म्हणून पत्र आईने सांगितले तसे लिहिले. ती बोलत गेली आणि मी इंग्रजीत उतरवत गेलो. मे महिन्यात जायचे, कारण सुपारीची काढणी तोवर आटोपलेली असते. मृगाच्या तोंडावर पोफळींना बोर्डो मिश्रणाची (मोरचूद आणि चुन्याच्या पाण्याची) पहिली फवारणी करावी लागते, नाहीतर कोळेरोगाने कोवळी सुपारी गळून पडते, ती मी रजा घेऊन करवून घेईन. दुसरी फवारणी साधारण चाळीस दिवसांनी येते, त्या वेळी तिला स्वतः कुळागरात हजर राहायचे आहे. पुढे चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला, बांधायची फळे आणि पाने तिच्याच कुळागरातली असतात आणि ती कुठून काय काढायचे हे घरात फक्त तिला माहीत आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यातली परतीची तारीख यातून आपोआप ठरली. नात झाली आहे, तिला पाहायचे आहे, मुलीला न्हाऊमाखू घालायचे आहे, हेही जसेच्या तसे लिहिले. पत्र दीड पानाचे झाले आणि या खेपेला आईने सही करताना कुठे काही विचारले नाही.

बाकीचे कागद भराभर जमले. बहिणीने निमंत्रणपत्र, निवासी परवान्याची प्रत, घराचा भाडेकरार आणि मुलीचा जन्मदाखला पाठवला. ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमाछत्र सर्व शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी लागू असावे लागते. सत्तरीपुढच्या माणसाला त्याचा हप्ता बराच जास्त बसतो, आणि रक्तदाबासारखा जुना आजार त्यात धरला आहे की नाही ते विमापत्रातून वाचूनच घ्यावे. विमानाचे आरक्षण दाखवावे लागते, पण व्हिसा हातात येण्याआधी पूर्ण पैसे भरून तिकीट घेऊ नये.

अर्ज देण्यासाठी आम्हाला मुंबईला जावे लागले. करमळीला कोकणकन्या पकडली. आईने मांडीवरची फायलीची पिशवी रात्रभर खाली ठेवली नाही. केंद्रात दहा बोटांचे ठसे घेतात: आधी उजव्या हाताची चार, मग डाव्या हाताची चार, शेवटी दोन्ही अंगठे. आईचे ठसे उमटेनात. पन्नास वर्षे सुपारी सोलून तिच्या उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा गुळगुळीत झाले आहेत, त्यांवर रेषा म्हणून उरलेल्या नाहीत. काचेवर बोटे ठेवायची, पडद्यावर लाल खूण यायची, पुन्हा ठेवायची, असे पाच-सहा वेळा झाले. तिथल्या मुलीने शांतपणे ओला कागद दिला, बोटे पुसायला लावली, थोडे क्रीम चोळायला सांगितले आणि स्वतःच्या हाताने आईची बोटे एकेक करून काचेवर दाबली. सातव्या वेळी खूण हिरवी झाली. वयस्कर आणि कष्टाची कामे केलेल्या माणसांना नेताना दोन-चार दिवस आधीपासून रोज रात्री बोटांना खोबरेल तेल लावावे, आणि अर्जाच्या दिवशी हात कोरडे पुसून जावे. हे ठसे ५९ महिने पुढच्या अर्जालाही चालतात, त्यामुळे एवढा त्रास दर वेळी होत नाही.

निर्णयाला नियमाप्रमाणे पंधरा दिवस, आणि अधिक तपासणी लागली तर पंचेचाळीस दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. आमचा पासपोर्ट अठराव्या दिवशी कुरिअरने घरी आला. आई कुळागरात होती. मी पाकीट न फोडता तिथे नेले आणि पाटाच्या कडेला उभे राहून तिनेच ते उघडले.

चिकटवलेल्या व्हिसावर दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांत पुष्कळांची गल्लत होते. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या तारखांमध्ये कधीही प्रवेश करता येतो, पण प्रत्यक्ष किती दिवस राहायचे तो आकडा वेगळ्या चौकोनात असतो. आईला पंचेचाळीस दिवस मिळाले होते. शेवटची तारीख मात्र त्याहून पंधरा दिवस पुढची होती, कारण प्रवास पुढेमागे झाला तर सवड असावी म्हणून तेवढे दिवस जास्त धरतात. बहिणीला वाटले की ते दिवसही राहता येतील, आणि तिने तिकीट पुढे न्यायचे सुचवले. मी तिला चौकोनातला आकडा वाचून दाखवला. पोहोचल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस असे दोन्ही धरून मोजायचे असते, हेही सांगितले. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सीमांवर शिक्क्यांऐवजी संगणकात चेहरा आणि ठसे नोंदवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे एक दिवसही जास्त झाला तर तो आपोआप नोंदला जाईल. शिवाय भारतीयांसाठी एप्रिल २०२४ पासून अशी सोय झाली आहे, की तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नियमाप्रमाणे वापरले तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा मिळू शकतो. आईला नातीकडे पुन्हा जायचे आहे, आणि त्यासाठी या खेपेचा हिशेब चोख असणे आवश्यक होते.

ती त्रेचाळिसाव्या दिवशी निघाली आणि मुंबईमार्गे गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरली, तेव्हा पाऊस धरून बसला होता. घरी येताना गाडीत तिने नातीचे एक-दोन फोटो दाखवले आणि मग पहिल्या फवारणीला चुना किती घातला होता ते विचारले.